योगराजनं बांधलेली घडी

लाखोरीची भाजी खुडायला दुपारीच जावं. सकाळी दवानं पाय गारठतात आणि दिवस कलला की बोडीच्या, गावच्या लहान तळ्याच्या, अंगानं रानडुकरं उतरतात. म्हणून जेवणं आटोपल्यावर दामिनी टोपली घेऊन निघाली. केशोरीपासून बरंच आत, जंगलाच्या कडेला तिचं सासर. धान कापून झालं होतं, भातशेताच्या बांध्या मोकळ्या पडल्या होत्या आणि ओल धरलेल्या मातीत लाखोरी हिरवीगार आली होती. ऊन लख्ख होतं. भिण्यासारखं म्हणाल तर काहीच नव्हतं.

तिच्या डाव्या मनगटावर काळ्या रबराच्या पट्ट्याची घडी होती. पावलं मोजणारी, छातीचे ठोके मोजणारी, शहरातले लोक सकाळी फिरायला जाताना बांधतात तसली. खेड्यातल्या बाईच्या हातात ही चैन कशाला, असं कुणालाही वाटेल. चैन कसली! नवऱ्यानं घातलेली बेडी होती ती.

योगराज मूळचाच संशयी. बायको पाण्याला गेली तर किती वेळ लागला, भाजीला गेली तर कुणाशी बोलली, याचा त्याला सतत घोर. गोंदियाच्या बाजारात त्याला ही घडी दिसली. दुकानदाराच्या नेटवर त्यानं ती आपल्या मोबाईलला जोडून घेतली आणि घरी येऊन दामिनीच्या हातात बांधली. गावात टॉवर नाही, नेट नाही, तिला वाटलं चालणारच नाही. योगराज हसला होता.

"नेट कायले पायजे? दिवसभर सारं घडीतच जमा रायते. तू जवळ आली का मोबाईल आपोआप ओढून घेते. आठ-दहा पावलांवर असली तरी पुरे."

आणि खरंच तसं होई. ती शेतातून परतली की घडी एकदा थरथरे, पडद्यावर साखळीच्या दोन कड्यांचं बारीक निळं चिन्ह उमटे, आणि ओसरीवर बसलेला योगराज मोबाईलवरून मान न उचलता विचारी, "दुपारी धावली काऊन वो? कोणाले पाहून?" बैल मागे लागला होता, हे सांगूनही मार चुकत नसे. घडी काढून ठेवली तर काढल्याचंही त्याला कळे. असला माणूस. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण याच्याबद्दल चांगलं काय बोलायचं ते कुणी तरी सांगावं.

दिवाळीनंतर धानाच्या पुंजण्यात, कापून रचलेल्या पेंढ्यांत, हात घालताना त्याला साप डसला आणि दवाखाना गाठायच्या आत तो गेला. त्यांच्यात जाळत नाहीत, आपल्याच शेतात माती देतात, आणि माणसाचा ज्यावर जीव असेल ती वस्तू सोबत देतात. कुणाला तंबाखूची डबी, कुणाला काठी. योगराजच्या आईनं, अनुसयाबाईनं, त्याच्या उजव्या हाताशी त्याचा मोबाईल ठेवला. इकडे बायकांनी बोडीवर नेऊन दामिनीच्या बांगड्या फोडल्या, जोडवी काढली, कुंकू पुसलं. रबरी घडीकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. ती काही सौभाग्याचं लेणं नव्हती.

चार्जिंगपुरती सोडली तर दामिनीनंही ती काढली नाही. पहिले काही दिवस भीतीनं, मग हट्टानं. आता ती किती चालली, कुठे धावली, हे विचारणारं कुणी नव्हतं. रात्री ती स्वतःच आपली पावलं बघायची आणि मनातल्या मनात म्हणायची, ही माझी. गोंदियाला तिच्या बहिणीनं, प्रेमिलानं, एका शिवणकामाच्या दुकानात तिच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. चार वर्षांच्या रुचीला घेऊन तिकडे निघून जायचं, एवढंच आता तिच्या डोक्यात होतं. सासू मात्र एकच धरून बसली होती: "तू जा. पोरगी माह्या लेकाची हाये, ते इथंच राहीन."

भाजी खुडता खुडता ती बोडीपलीकडच्या बांधीत पोचली. योगराजची माती तिथेच होती, काटेरी फांद्या टाकून झाकलेली. ती तिकडे बघतही नव्हती.

घडी थरथरली.

दामिनीनं मनगट वळवलं. निळ्या कड्या उमटल्या होत्या.

मोबाईल खाली मातीतच आहे, हे तिला ठाऊक होतं. पण त्याला महिना होऊन गेला होता. या मोबाईलचं चार्जिंग दोन दिवससुद्धा पुरत नसे, त्यावरूनही तिनं शिव्या खाल्ल्या होत्या. ती मागे सरकली. कड्या विझल्या नाहीत. आणखी मागे आली, बांधीच्या कडेचा धुरा ओलांडला, बोडीच्या पाळीवर चढली. आता माती कितीतरी मागे राहिली होती आणि कड्या तशाच निळ्या होत्या. ती थांबली. पाळीवर वारा नव्हता. कुठून तरी ओल्या, नुकत्या उकरलेल्या मातीचा वास आला, आणि त्यात तिच्या ओळखीचा तंबाखूचा वास मिसळलेला होता...

मग ती धावली. टोपली तिथेच पडली. घडीवर ठोक्यांचा आकडा चढत होता आणि त्याच्या शेजारी त्या दोन कड्या. घराच्या दारात पाऊल टाकलं तेव्हा कुठे त्या विझल्या. तिचा जीव भांड्यात पडला.

अनुसयाबाई ओसरीवर सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. तिनं सुनेकडे पाहिलंही नाही.

"भाजी कोठी हाये?"

"पडली, मामी. डुकरं दिसली."

"दिवसाढवळ्या?" सासूनं सूप खाली ठेवलं. "खोटं बोलून राहिली तू."

दामिनी आत गेली, पाणी प्यायली, चूल पेटवायला बसली. दिवस मावळतीला आला होता. आतल्या खोलीत रुची वाकळीवर खेळून खेळून झोपली होती. तिच्या अंगावर पांघरूण घालायला दामिनी वाकली, आणि घडी पुन्हा थरथरली.

हात पुढे धरून ती घरभर फिरली. स्वयंपाकघरात कड्या विझल्या. कोठीच्या खोलीत अंधार, कड्या विझलेल्याच. ओसरीवरही नाहीत. पुन्हा आतल्या खोलीत आली, रुचीच्या उशाशी, आणि कड्या लगेच उमटल्या. म्हणजे मोबाईल याच खोलीत होता. त्या खोलीत एक वाकळ, एक लाकडी पेटी आणि एक झोपलेलं लेकरू, याशिवाय काही नव्हतं. पेटी तिनं उपसून पाहिली. वाकळ झटकली. त्या निळ्या उजेडात लेकराचा चेहरा आजारी दिसत होता.

तिनं रुचीला उचललं, खांद्यावर टाकलं आणि मागच्या दारानं सरळ धुरपताबाईचं घर गाठलं. वाटभर घडी उजळलेली होती. धुरपताबाई म्हणजे गावातली सगळ्यात म्हातारी विधवा. दामिनीच्या बांगड्या तिनंच फोडल्या होत्या. दामिनीनं तिच्यासमोर हात धरला आणि अडखळत सारं सांगितलं. म्हातारीचा चेहरा उतरला.

"हे कोणं बांधली व्हती तुले?"

"त्यायनंच."

"अन् तू ठेवली? काऊन ठेवली वो बाई?"

"मले वाटलं... हे काही बांगडी नव्हं, आजी."

"बांगडी नव्हं!" म्हातारी कुजबुजत ओरडली. "बांगड्या कायले फोडतो आपण? मेल्याले कळावं का आता इथं त्याचं काही नाही राहिलं म्हणून. त्यानं आपल्या हातानं बांधली, तेच त्याची खूण. आमीच आंधळ्या, ध्यानातच नाही आलं. आण तो हात."

पट्ट्याचं बक्कल उघडेना. म्हातारीनं विळ्यानं रबर कापलं. घडी दगडावर ठेवून वरवंट्यानं ठेचली. काच फुटली, पडदा काळा झाला, कड्या दिसेनाशा झाल्या. तुकडे फडक्यात बांधून ती स्वतः बोडीवर गेली आणि पाण्यात टाकून आली. मग तिनं दामिनीच्या उघड्या मनगटावर हळद चोळली.

"सुटली तू," ती म्हणाली. "उद्या सकाळच्या गाडीनं जा. थांबू नोको."

सकाळी दामिनीनं कपड्यांची पिशवी भरली. रुचीचा हात धरून ती ओसरीवर आली. आता सासू आडवी येणार, आरडाओरडा करणार, गाव गोळा करणार, असं तिनं धरूनच ठेवलं होतं. अनुसयाबाई खांबाला टेकून बसली होती. डोळे रात्रभर न झोपल्यासारखे लाल.

"पोरीले घेऊन जाऊन राहिलो, मामी."

"ने."

दामिनीला खरं वाटेना. "अडवत नाही तुमी?"

"मी कायले अडवू?" सासू तिच्याकडे नाही, रुचीच्या डाव्या हाताकडे बघत म्हणाली. तिच्या तोंडावर रागही नव्हता, मायाही नव्हती. "मी कोण लागून गेली अडवणारी... ने. जाय कुठंबी."

फाट्यावर एसटी वेळेवर आली. खिडकीची जागा मिळाली. गाडी जंगलातून बाहेर पडून मोकळ्या शेतांच्या रस्त्याला लागली आणि मागे सारं काही लहान होत गेलं, तेव्हा दामिनीला रडू आलं. आनंदाचंच. बहिणीचं घर, शिवणयंत्र, रुचीची शाळा, सारं तिला दिसू लागलं. तिनं मोकळ्या हातानं डोळे पुसले.

रुची मांडीवर झोपली होती. थंडी होती म्हणून तिला लांब बाह्यांचं स्वेटर घातलं होतं. झोपेत तिनं हात वर घेतला आणि बाही मागे सरकली. दामिनी ती सारखी करायला गेली आणि तिचा हात तिथेच थांबला.

लेकराच्या इवल्याशा डाव्या मनगटाभोवती लाल वळ उठला होता. रुंद, सरळ, दिवसरात्र घट्ट बांधून ठेवलेल्या पट्ट्याचा उठावा तसा. आतल्या बाजूला कातडीत बकलाचा चौकोन स्पष्ट उमटला होता. रुचीच्या हातात कुणी कधी साधा दोरासुद्धा बांधला नव्हता. दामिनीनं वळावर अंगठा ठेवून हलकेच चोळलं. तो गेला नाही. कातडी बर्फासारखी गार होती.

मग तिच्या अंगठ्याखाली, त्या उघड्या मनगटात, काहीतरी एकदा थरथरलं. रुचीनं डोळे न उघडता मान हलवली. कुणी काही विचारल्यावर उत्तर द्यावं, तशी.