अकरा वीसची नोंद

“मॅडम, मी वारलोय म्हणे. जरा बघता का?”

मी मान वर केली. खिडकीपलीकडे तिशीतला, उंच माणूस. शर्टाच्या बाह्या पावसानं भिजलेल्या, हातात मोबाइल. ओठांवर हसू होतं, डोळ्यांत मात्र नव्हतं.

रुग्णालयात माझी ही खिडकी नवीनच होती. रुग्णांना आपले रिपोर्ट, औषधं, जुन्या नोंदी घरबसल्या बघता याव्यात म्हणून त्यांना ऑनलाइन खातं उघडून द्यायचं. ओळखपत्र तपासायचं, ओटीपी घ्यायचा, ‘पासवर्ड बायकोलासुद्धा सांगू नका’ असं बजावायचं. मेलेला माणूस स्वतः चौकशीला येण्याची ही पहिलीच वेळ!

त्याचं खातं उघडलं. नाव, आईचं नाव, पत्ता, सगळं बरोबर. खाली लाल अक्षरांत — मृत. वेळ सकाळी अकरा वीस.

“तारीख नाहीये,” मी म्हटलं. “नुसती वेळ आहे.”

“म्हणजे अजून ठरायचीय वाटतं.” त्यानं मनगट खिडकीतून आत सरकवलं. “नाडी बघा हवं तर.”

बघायची काही गरज नव्हती. तरी मी बघितली. हात बर्फासारखा गार... आणि नाडी अशी धावत होती की हा माणूस वरवर चेष्टा करतोय, आतून पुरता घाबरलाय, हे मला लगेच कळलं.

तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. पित्ताशयात खडे झालेले, गुरुवारी सकाळी ऑपरेशन. पण मृत माणसाला आमचा संगणक बेड देईना. मी रीतसर अर्ज भरून घेतला आणि नोंद बदलली. हयात.

“झालं. जिवंत झालात.”

“इतक्या सहज? मग कॉफी तरी घ्यायला हवी. तुम्ही याल?”

“ड्यूटीवर आहे मी,” मी म्हटलं. पण हसले.

हे सोमवारी. मंगळवारी तो पुन्हा खिडकीशी उभा. नोंद पुन्हा मृत, वेळ तीच. मी पुन्हा बदलली. बुधवारी त्याला दहालाच बोलावलं, नोंद दुरुस्त केली आणि खुर्ची आत देऊन म्हटलं, “बसा. आज आपण दोघं पहारा देऊ.”

तो बसला. बाहेर रिमझिम चालू होती. बंद पडलेल्या लिफ्टमधली माणसं कशी एकदम खरं बोलायला लागतात, ते तो सांगत होता. मी ऐकत होते... आणि ऐकता ऐकता त्याच्या भुवईवरचा तीळ बघत होते.

“तुम्ही काय बोलाल? अडकलात तर?” त्यानं विचारलं.

“कुणाबरोबर अडकलेय त्यावर आहे.”

तो काहीतरी म्हणणार, तेवढ्यात त्याचा चेहरा उतरला. मी पडद्याकडे वळले. आमच्या डोळ्यांदेखत ‘हयात’ पुसलं गेलं. लाल अक्षरं उमटली. माउस दूर होता, कुणी हात लावला नव्हता. घड्याळात बरोबर अकरा वीस.

संगणक विभागाला फोन केला. ते म्हणाले, “तळघरातल्या जुन्या फायली स्कॅन करायचं काम चाललंय. एखाद्या फायलीतून येत असेल. मूळ फाइल काढा.”

त्याची लेखी परवानगी घेऊन मी तळघरात उतरले. रुग्णांना खाली मज्जाव, म्हणून तो जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबला. फायली सांभाळणारे काका जेवायला गेलेले. ओल्या कागदांचा वास, एकच दिवा, आणि छताला टेकलेली कपाटं.

“आहेस ना?” वरून त्यानं विचारलं. पहिल्यांदाच ‘तू’.

मी उत्तर देणार, तोच अगदी शेवटच्या कपाटापलीकडून बारीक आवाज आला, “आहे.”

वाटलं, धूम ठोकावी. पण पाय त्या कपाटाकडेच गेले. मागे कुणी नव्हतं. तळाच्या खणात मात्र दोऱ्यानं बांधलेली एक फाइल होती. गाठ इतकी घट्ट की दातांनी सोडवावी लागली.

तेच नाव. तेच आईचं नाव, तोच पत्ता. वय वर्षे पाच. टॉन्सिलचं ऑपरेशन. भूल दिल्यावर अंग एकाएकी तापलं, ताठ झालं. मृत, सकाळी अकरा वीस. वर्ष त्याच्या जन्माच्या तीन वर्षं आधीचं.

मी धापा टाकत वर आले. “तू लगेच ‘आहे’ म्हणालीस, म्हणून जिवात जीव आला,” तो म्हणाला.

मी काहीच बोलले नव्हते, हे त्या क्षणी त्याला सांगवेना.

त्यानं आईला बोलावून घेतलं. कागद बघून ती मटकन खाली बसली.

“तुझा दादा,” ती म्हणाली. “तुझ्या आधीचा. तू झालास तेव्हा त्याचंच नाव ठेवलं. ती हाक मारायची सवय सुटत नव्हती रे मला.”

“मग कधी सांगितलं का नाहीस?”

“तू ओ द्यायचास ना... मग धीरच झाला नाही.”

भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी तो कागद दोनदा वाचला. ऑपरेशनआधीच्या फॉर्मवर ‘घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का’ या प्रश्नापुढे त्यानं ‘नाही’ लिहिलं होतं.

“हा दोष रक्ताच्या नात्यात असू शकतो,” त्या म्हणाल्या. “उद्या असंच औषध दिलं असतं आम्ही तुम्हाला.”

ऑपरेशन आठवडाभर पुढे गेलं, औषधं बदलली. फाइल सापडल्याचं मी संगणक विभागाला कळवलं, तर ते म्हणाले, “शेवटचं कपाट? तिथवर आम्ही पोचलोच नाही अजून. त्यातला एक कागदही स्कॅन झालेला नाही.”

मी दादाचं वेगळं खातं उघडलं आणि ते बघण्याचा अधिकार आईला दिला. पडद्यावरचं नाव तिनं मोठ्यानं वाचलं. शेजारी उभा असलेला तो सवयीनं “ओ” म्हणाला. हाक त्याला नव्हती. त्यानंतर त्याची स्वतःची नोंद पुन्हा कधीच बदलली नाही.

ऑपरेशन नीट पार पडलं. दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात गेले तेव्हा तो उशीला टेकून मोबाइल बघत होता. चेहरा पांढरा पडलेला, पण आता हसू डोळ्यांपर्यंत पोचलं होतं.

“माझ्या खात्यात एक रकाना रिकामा आहे,” तो म्हणाला. “माझ्या नोंदी आणखी कुणाला दिसाव्यात? आई आहेच. दुसरं नाव तुझं टाकू म्हणतोय.”

“का?”

“माझं काय दुखतंय, काय खुपतंय, हे कुणाला तरी माहीत असावं. तुला असावं असं वाटतं... फार वाटतं.”

माझे कान गरम झाले. मी उगाच त्याची चादर सारखी केली.

“नातं लिहावं लागतं,” मी म्हटलं. “यादीत आई, वडील, भाऊ, बहीण, पत्नी आणि ‘इतर’ एवढंच आहे.”

“सध्या ‘इतर’ टाक. नंतर बदलता येतं ना?”

“येतं,” मी हळूच म्हटलं. “दोघांच्या सह्या लागतात.”

त्यानं हात पुढे केला.

“पेन आहे तुझ्याकडे?”