तायूची शेवटची ओळ

दुबईत, करामाच्या जुन्या बिल्डिंगीत विजयकुमारकाकांकडे जेवणं आटोपली की पोरं गॅलरीचं दार लावून घेतात आणि काकांच्या पायाशी येऊन बसतात. भुताची गोष्ट सांगा म्हटलं की काका चिडतात. "मी गोष्टी सांगत नाही. झालेलं सांगतो. भूत होतं का नव्हतं, ते तुमचं तुम्ही ठरवा."

त्या रात्री अस्मी आणि तनिष दोघंच होते. काकांनी चष्मा काढून बाजूला ठेवला.

"फुजैराला तेलाच्या टर्मिनलवर नीरव माझ्या हाताखाली होता. त्याची बायको लतिका, हे तिचं आहे. तिने आम्हा नवराबायकोला एकदाच सांगितलं. परत विचारलं तर उठून जाते. तारीख लक्षात ठेवा. गुरुवार, नऊ फेब्रुवारी, दोन हजार तेवीस. रात्रीचे नऊ वाजून दहा मिनिटं."

तर लतिका निघाली होती एक फाईल आणायला. काम म्हणाल तर एवढंच.

तिची मुलगी मिहिका चार वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. म्हणजे रडायची, हसायची, हुं हुं करायची, पण शब्द नाही. कान तपासले, जीभ तपासली, सगळं चांगलं. शुक्रवारी सकाळी आठला दुबईत मोठ्या डॉक्टरणीकडे जायचं होतं आणि मिहिकाचे सगळे रिपोर्ट त्या फाईलमध्ये. फाईल राहिली होती फुजैरातल्याच क्लबच्या हॉलमध्ये, खुर्चीखाली.

दुपारी तिथे जपानी बाहुल्यांचा खेळ होता. मुलीला दाखवावा म्हणून लतिका गेली. बाहुल्या चांगल्या कमरेएवढ्या. एकेकीला तीन-तीन माणसं धरतात, काळ्या कपड्यांत, तोंडावर काळा बुरखा. बाहुल्या बोलत नाहीत. बाजूला छोट्या चौथऱ्यावर एक म्हातारा गुडघे मोडून बसतो, पुढ्यात बुटकं मेज, मेजावर पोथी. त्याला तायू म्हणतात. म्हातारा तोच, बाई तोच, पोर तोच. सगळ्यांचं बोलणं त्याच्या एकट्याच्या गळ्यातून.

लतिकाला हसू आलं होतं. म्हणाली, "बाई ग, आमच्या घरातली तायू मीच की."

खोटं नव्हतं ते. लिफ्टमध्ये कुणी विचारलं, "नाव काय ग तुझं?" की लतिका म्हणायची, "मिहिका." "शाळेत जातेस?" "जाते की, केजी वनला." पोरीने तोंड उघडायच्या आत आईचं उत्तर तयार. शाळेतल्या बाईंनी दहा वेळा सांगितलं होतं, कुणी तिला काही विचारलं की मनात दहापर्यंत मोजा आणि गप्प बसा. लतिकाचे आकडे दोनच्या पुढे कधी गेले नाहीत. लोक काय म्हणतील, पोर मुकी आहे म्हणतील. जीव राहायचा नाही तिचा.

खेळाआधी त्या जपानी मंडळींच्या बाईंनी इंग्लिशमध्ये समजावलं होतं. तायू पोथी दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावतो. तो त्याचा शब्द असतो. शेवटची ओळ म्हणून होईपर्यंत मी इथून उठणार नाही.

खेळ होता एका आईचा. नदीवर धुकं पडलंय, लेक हरवलीय. म्हातारा नावाडी खोकत खोकत म्हणतो, हाक मार, जिवंत असेल तर ओ देईल. आई हाक मारते. आता पोरीची ओळ. शेवटची. तायूने तोंड उघडलं... आणि तो मेजावर कोसळला. ॲम्ब्युलन्स आली, लोकांना घाईघाईने बाहेर काढलं, त्या गडबडीत फाईल राहिली.

नीरव रात्रपाळीला. पोरीला घरी एकटी कशी ठेवणार? लतिकाने तिच्या फ्रॉकवर स्वेटर चढवला, कानाला रुमाल बांधला आणि गाडी काढली.

वॉचमन हनीफने दार उघडलं. "मॅडम, पाँच मिनिट. खलास. मैं गेट पे हूँ."

आत एकच दिवा जळत होता, स्टेजच्या कोपऱ्यात. सामान अजून हललं नव्हतं. बाहुल्या स्टँडवर टांगलेल्या, माना खाली. लतिकाने मिहिकाला पहिल्या रांगेत बसवलं. "इथेच बसायचं हं शोनू." मोबाईलच्या उजेडात खुर्च्यांखाली पाहत पाहत ती चौथऱ्यापर्यंत आली. फाईल दिसली. वाकली. आणि पायाला काहीतरी मऊ लागलं.

पोथी होती. म्हातारा पडला तेव्हा खाली गेली असणार.

आता पुस्तकाला पाय लागला तर आपण काय करतो? तिने तेच केलं. पोथी उचलली, चौथऱ्यावर चढली, मेजावर नीट ठेवावी म्हणून उशीवर गुडघे टेकले. आणि ठेवण्याआधी दोन्ही हातांनी कपाळाला लावली.

अस्मीने पाय जवळ ओढून घेतले.

उठायला गेली तर उठवेना. आधी वाटलं मुंग्या आल्या. मेजाला धरून जोर लावला. कंबर हलली, खांदे हलले. गुडघे नाहीत. उशीला शिवून टाकल्यासारखे.

"बट काका, व्हाय डिडन्ट शी जस्ट रन?" तनिष म्हणाला.

"अरे, पळायला पाय लागतात. गुडघ्याखाली तिला काही नव्हतंच."

पोथीचं पान आपोआप उलटलं. वारा नाही. एसी बंद. जपानी अक्षरं, उभी, काळी. लतिकाला इंग्लिशसुद्धा अडखळत वाचता येतं. पण तिचं तोंड उघडलं... आणि आतून म्हातारा खोकला.

तिचा खोकला नव्हता तो. सत्तरीतल्या पुरुषाचा, कफाचा. मग तो म्हातारा बोलायला लागला. भाषा परकी, पण तिला सगळं कळत होतं. हाक मार. जिवंत असेल तर ओ देईल. मग बाईचा आवाज. मग रडणं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, रडणं मात्र तिच्या गळ्यातून चाललेलं.

हनीफला हाक मारावी म्हणून तिने जीव तोडून ओरडायचा प्रयत्न केला. बाहेर पडलं ते नावाड्याचं हसणं.

पान उलटलं. आईने हाक मारली. आणि पोरीची ओळ आली.

लतिकाच्या तोंडातून लहान मुलीचा आवाज निघाला. बारीक, गोड, जरासा घोगरा. त्याच क्षणी समोर मिहिकाने दोन्ही हात गळ्याला लावले.

पोर रडत होती. तोंड वाकडं झालेलं, गाल भिजलेले. पण आवाज... नव्हता. हुंदका नाही. ते नेहमीचं हुं हुं पण नाही.

लतिकाला कळलं. आपण जो आवाज काढला तो कुणाचा होता, ते कळलं.

ओळ म्हणून झाली, तरी गुडघे सुटले नाहीत. पानं सरसर मागे गेली. पुन्हा पहिलं पान. पुन्हा खोकला.

दुसऱ्या फेरीला पोरीची ओळ आली तेव्हा तिने तोंड दाबायला हात उचलला. हात पोथीवरून निघेना. ओळ निघून गेली. या वेळी आवाज जास्त मोकळा होता. आणि मिहिकाचे ओठही हलायचे थांबले. मान खाली गेली. स्टँडवरच्या बाहुल्यांसारखी.

पुन्हा पहिलं पान.

तिसऱ्यांदा हे झालं तर पोर गेली. नुसता आवाज नाही. पोर. तिच्या आतून कुणीतरी ते सांगत होतं, आणि तो काही तायू नव्हता.

म्हातारा खोकला. बाई रडली. नाव आली. धुकं आलं. पान उलटलं. आईने हाक मारली.

आता.

लतिकाने दात आवळले. खालचा ओठ दातांत धरला. आवाज पोटातून वर आला, गळ्याशी थटला, धडका मारायला लागला. एक. सगळी सवय सांगत होती, बोल, तूच बोल, तिला नाही येणार. दोन. तोंडात रक्ताची चव आली. तीन... चार... कान फुटतील असं झालं. पाच. पोर हललीच नाही. सहा. सात. देवा, हिला खरंच येत नसेल तर... आठ.

...

नऊ.

...

"इथे आहे, आई."

बारीक. घोगरा. पहिल्या रांगेतून.

गुडघे सुटले. लतिका चौथऱ्यावरून जवळजवळ पडलीच. फाईल घेतली, वळली, तर खुर्ची रिकामी. मिहिका चौथऱ्याशी उभी होती. चवड्यांवर उभी राहून तिने मेजावरची पोथी ओढली, दोन्ही हातांनी धरली आणि कपाळाला लावली. आईने शिकवलं होतं तसं. आईने मघाशी केलं होतं तसं.

लतिकाने पोथी हिसकून मेजावर टाकली, पोरीला उचललं आणि धावली.

गेटवर हनीफ मोबाईल बघत बसलेला.

"तुम आये क्यूँ नहीं? इतना टाइम..."

"मॅडम, मैं समझा प्रॅक्टिस चल रहा है. अंदर तो पूरी फॅमिली थी ना? बुढ्ढा खाँस रहा था, औरत रो रही थी." मग तो हळूच म्हणाला, "वैसे वो तायू साहब... हॉस्पिटल से फोन आया था. सवा सात बजे खलास हो गए."

गाडीत मिहिका अखंड बोलत होती. दिवा, समुद्र, ट्रक, आई, पाणी. चार वर्षांचं साठलेलं. लतिका रडत रडत गाडी चालवत होती. उत्तर मात्र तिने एकदाही मध्ये घातलं नाही.

घरी येऊन कपडे बदलायला घेतले. स्वेटर काढला. फ्रॉक काढला. बनियन वर केलं.

काकांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीचं दार लावलं तशी अस्मी दचकली.

"मग?"

बनियनच्या आत, अंगाला लागून, पांढरा सुती पट्टा बांधलेला. पोटावर पट्ट्यातच शिवलेली पिशवी, वाळूने भरलेली. गरम. संध्याकाळी लतिकाने स्वतः आंघोळ घातली होती, स्वतः बनियन चढवलं होतं. मधे पोरीजवळ कुणी आलं नव्हतं.

लतिका पट्टा घेऊन आमच्याकडे आली, तेव्हा माझ्या बायकोने त्या जपानी बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, हो, तायू बसण्याआधी पोटाला असा पट्टा बांधतात, आवाज पोटातून यावा म्हणून. पण आमचं सगळं सामान मोजून पेटीत भरलंय. काही कमी नाही. आणि इतका लहान पट्टा आम्ही कधी शिवतच नाही.

बायकोने मग तो उलटा करून दिव्याखाली धरला. ती शिवणकाम करते, तिला कळतं. बारीक हातशिलाई, दोरा कोरा. माप बरोबर चार वर्षांच्या पोटाचं. आणि आतल्या बाजूने, दोन्ही टोकांना, चार-चार बोटं कापड दाबून ठेवलेलं. वाढत्या पोरीच्या फ्रॉकला आपण ठेवतो ना... पुढे उसवून मोठा करता यावा म्हणून. तसं.