चातुर्मासापुरता ट्रम्पेटवाला

भाजे गावाच्या अरुंद रस्त्यावर माझी स्कूटर एका वरातीच्या तोंडी सापडली. मी हॉर्न वाजवला. वरातीच्या पुढं चालणाऱ्या ट्रम्पेटवाल्यानं तोच सूर परत वाजवला... फक्त दुरुस्त करून.

"म्याडम, तुमचा हॉर्न लय खाली लागतोय," तो म्हणाला.

"तुमची वरात लय आडवी लागतेय."

"मग वळवा की गाडी. तुमी बी चला."

दुसरा इलाज नव्हता. मांडवापर्यंत मी घोड्याच्या वेगानं वरातीच्या पुढं स्कूटर चालवली. आरशात तो दिसत होता, गाल फुगवून वाजवणारा आणि मध्येच डोळ्यांनी हसणारा. गाल फुगलेल्या माणसाचे डोळे इतके चांगले दिसू शकतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा मला ट्रम्पेटवाला हवाच होता. माझा स्का-पंक बँड आहे. म्हणजे गिटार उलट्या ठोक्यावर, ड्रम भांडायला निघाल्यासारखा आणि या सगळ्याच्या डोक्यावर ट्रम्पेट. आईच्या मते, "वरात आहे, फक्त नवरदेव नाही." बँडचं नाव बँकर. घाटात रेल्वेगाडीला मागून ढकलणारं इंजिन असतं ना, ते. ते इंजिन लोणावळ्यात आलं की सुटतं, ही गोष्ट नाव ठेवताना आमच्या लक्षात आली नाही. आमची माणसंही तशीच सुटली. ट्रॉम्बोनवाला स्पर्धा परीक्षेला बसला तो अजून उठलेला नाही. गायक तालमीच्या मध्ये चहा आणायला गेला आणि तळेगावच्या एका कारखान्यात कायम झाला. सॅक्सोफोनवाली आणि बासवाला एकमेकांच्या प्रेमात पडून बंगळूरला गेले. जाताना अॅम्प्लिफायर घेऊन गेले, आमच्याकडून आहेर समजून. त्यांच्या जागी आलेली जोडीसुद्धा प्रेमातच पडली. शेवटी उरलो मी आणि ड्रमवर गौरव. गौरव राहिला, कारण ड्रम हलवायला टेम्पो लागतो.

मग मी नियम केला : बँडमध्ये प्रेम नाही.

"आषाढी झाली की येतो," वरातीतला ट्रम्पेटवाला, म्हणजे सत्यम, मी विचारल्यावर मांडवाच्या दारात म्हणाला. "देव झोपले की लग्नं बंद. मग आमाला काय काम न्हाई."

"आणि देव उठले की?"

"मामा उठवतो."

मामा म्हणजे कोंडाजी मामा. लग्नाचा बँड त्यांचा.

सत्यम खरंच आला. मळवलीच्या एका रिकाम्या पोल्ट्री शेडमध्ये आमची तालीम असायची. पहिल्याच दिवशी कळलं की याला उभं राहून वाजवता येत नाही. लहानपणापासून वरातीत वाजवलेलं. सूर निघाला की पाय निघायचे.

"एका जागी थांब ना!"

"थांबलो की सूर बी थांबतो. करून बघू?"

त्यानं करून दाखवलं. खरंच थांबला.

मग तो शेडमध्ये गोल गोल फिरत वाजवायचा आणि त्याला ताल दाखवायला मी गिटार घेऊन मागं फिरायचे. पत्र्यावर पाऊस कोसळत असायचा. एकदा गिटारची वायर आमच्या दोघांभोवती अशी गुंडाळली गेली की आम्ही टेम्पोत बांधलेल्या कपाटासारखे उभे राहिलो... नाकासमोर नाक.

"रेणुका, तुझा तो नियम लिव्हलेला हाय का तोंडी?"

"तोंडी."

"मग मोडला तर पुरावा न्हाई."

"गौरव, वायर सोडव," मी म्हणाले.

गौरवनं वायर सोडवली. जरा जास्तच लवकर.

खंडाळ्याच्या हॉटेलातल्या पहिल्या कार्यक्रमात दुसऱ्याच गाण्याला सत्यम स्टेजवरून उतरला. वाजवत वाजवत स्विमिंग पूलला वळसा घालून तो गेटबाहेर पडला. मागोमाग ओल्या कपड्यांतले पाहुणे नाचत निघाले. त्यांच्यामागं मी, हातात वायर तुटलेली गिटार. माझ्यामागं मॅनेजर. स्टेजवर गौरव एकटा, निष्ठेनं वाजवत होता. मला वाटलं, संपलं. पण पाहुणे इतके खूश झाले की हॉटेलनं आम्हाला डिसेंबरच्या मोठ्या कार्यक्रमाचं बोलावणं दिलं.

आणि मग तुळशीची लग्नं लागली. सत्यम सायकलला ट्रम्पेट अडकवून निघाला.

"जाऊ नको," असं म्हणायचं होतं. "सायकलला हवा कमी आहे," असं म्हणाले.

"तुझ्या कार्यक्रमाला येतो. त्या दिवशी दुपारची वरात हाय मळवलीत, ती पोचली की सुटलो."

"वरात वेळेवर पोचलेली मी अजून पाहिलेली नाही!"

"ही पोचंल."

हा कार्यक्रम पडला तर बँड बंद, असं मी आईला, गौरवला आणि आरशालाही सांगून ठेवलं होतं. कार्यक्रमाच्या दिवशी ऊन उतरलं तरी सत्यमचा पत्ता नव्हता. मी स्कूटर काढली.

वरात मांडवापासून कुठल्या कुठं होती. मी स्कूटर कडेला लावली आणि त्याच्या बाजूनं चालत भांडायला लागले. त्याच्या तोंडात ट्रम्पेट.

"किती वाजलेत कळतं का?"

पँऽऽ.

"मी तुझ्यावर विश्वास ठेवला!"

पँ... पँ. खालच्या पट्टीत. लाज वाटत होती त्याला.

"तू माणूस आहेस की—"

इथं त्यानं इतका लांब सूर ओढला की मी पुढचा शब्दच विसरले.

तेवढ्यात गौरवचा फोन. गोंगाटात ऐकू यावं म्हणून मी स्पीकर लावला. "रेणुका, ट्रम्पेट मिळाला! पुण्याचा आहे. उभं राहून वाजवतो! लगेच परत ये!"

मी फोन खिशात टाकला. आता वळायला हवं होतं. पाय मात्र वरातीच्या ठेक्यात चालतच राहिले.

सत्यमनं ट्रम्पेट खाली घेतला. "मिळाला न्हवं ट्रम्पेट? मग हितं काय करतीस?"

मामांची घोडी ट्रम्पेटच्या सुरावर चालायला शिकवलेली होती. सूर थांबताच ती जागच्या जागी थांबली. वर बसलेला नवरदेव पुढं कलंडला आणि मुंडावळ्या त्याच्या तोंडात गेल्या.

"सत्या! मुहूर्त टळंल!" कोंडाजी मामा ओरडले.

"थांब की मामा. हिचं उत्तर ऱ्हायलंय."

सगळी वरात माझ्याकडं बघायला लागली. घोडीसुद्धा.

"मला ट्रम्पेट नकोच आहे," मी म्हणाले. "मला... तू हवायस. बारा महिने."

प्रत्येक वाक्याला उत्तर तयार असणाऱ्या माणसानं ट्रम्पेट ओठांना लावला. नुसती हवा आली.

"ओ दादा, व्हय म्हना की!" नवरदेव वरून कळवळला. "माजं लगीन हाय!"

"व्हय," सत्यम म्हणाला. मग माझ्याकडं बघून, हळूच, "लय दिसांचं व्हय."

त्यानंतरचा सूर असा फुटला की घोडी जवळजवळ पळालीच. कोंडाजी मामांनी माझ्या हातात खुळखुळा कोंबला. "चाल पोरी. ठेका सोडू नगं."

मांडवाच्या दारात गौरवनं पाठवलेला फोटो आला. स्टेजवर पुण्याचा ट्रम्पेटवाला, आणि माझ्या जागी गिटार घेऊन हॉटेलचा रिसेप्शनिस्ट. खाली लिहिलं होतं : 'कार्यक्रम जबरदस्त चाललाय. तू बँड सोडलास असं धरू का?'

'धर,' मी लिहिलं.

"काय म्हनतोय?" सत्यमनं विचारलं.

"एक जण बँड सोडून गेलं."

"आता कोन?"

"मी."

"कशापायी?"

मी त्याच्याकडं पाहिलं. ओठांवर ट्रम्पेटचा गोल ठसा, कानापर्यंत लाल.

"नेहमीचंच कारण," मी म्हणाले.