उघड्या नळ्यांवरचा पहारा

नळी पहिली — रंग न लावलेली

तो पहिल्यांदा दिसला तेव्हा माझी कुपी त्याच्या हातात होती.

फ्रिज उघडा, तो वाकलेला, आणि मागे मी. कुपीत प्रतिपिंडं होती. रक्तातल्या बी नावाच्या पांढऱ्या पेशी हुडकून त्यांनाच चिकटणारी, अंगावर चमकता रंग घेऊन फिरणारी. मी थेंब थेंब जपलेली.

"पुढे होती, उजेडात. मागे सरकवत होतो," तो म्हणाला.

चोर दुसरं काय म्हणणार?

रंगवलेल्या पेशी मोजणाऱ्या लेझरच्या यंत्रावर तो नवा आला होता. आधी म्हणे आमच्याच विषयावर काम करणाऱ्या दुसऱ्या प्रयोगशाळेत होता. ही बातमी ताईची. ताई म्हणजे आमच्यातली सगळ्यात सीनियर. तिखटमीठ लावल्याशिवाय काही सांगत नाही.

नळी दुसरी — एकच रंग, संशयाचा

रंगवलेल्या रक्ताची नळी फॉइलमध्ये गुंडाळून ठेवायची पद्धत, पण आतली कुणी बदलली तर कळणार कसं? मी फॉइलच काढून टाकलं. उघड्या नळ्या हातात धरून, नंबर येईपर्यंत यंत्राच्या खोलीच्या दारात उभी राहायचे. त्याची लांब बोटं... मानेवर रुळणारे केस... पुरावा शोधत होते, बाकी काही नाही.

"असं टक लावून पाहिलंत तर यंत्र लाजेल."

"यंत्राकडे कोण पाहतंय?"

"तेच म्हणतो मी."

पहिल्या नमुन्यात बी पेशी फिक्या. दुसऱ्यात आणखी फिक्या, आणि नको तिथे भलताच रंग. मी अजून जास्त वेळ उभी राहू लागले. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी बजावलं, आता एकच नमुना उरलाय. तोही बिघडला तर हे काम दुसऱ्या कुणाला.

मी तडक त्यालाच गाठलं. माझ्या नळ्यांत काय मिसळता, विचारलं.

"काही नाही. रंग उजेडाने मरतोय, तुटून भलताच चमकतोय. तुम्ही ट्यूबलाइटखाली उभ्या असता... नळ्या उघड्या."

"कधी कळलं हे?"

"दुसऱ्या नमुन्याच्या वेळी."

"आणि गप्प बसलात?"

"सांगितलं असतं, तर —" तो यंत्राकडे बघत राहिला. "तुम्ही दारात यायचं बंद केलं असतं."

माझं डोकं सणकलं. कानही तापले. ते रागाने, असं धरून चालू.

नळी तिसरी उजेडात, चौथी फॉइलमध्ये

विश्वास? छे. शेवटच्या नमुन्याचे दोन वाटे केले. छोटा उजेडात, मोठा फॉइलमध्ये. त्याला दारात उभं केलं आणि यंत्र स्वतः चालवलं.

छोट्या वाट्यातल्या पेशी फिक्या. मोठ्यातल्या बी पेशी पडद्यावर लखलखीत, एका जागी दाटलेल्या. काम वाचलं.

म्हणजे उजेडाचं तो खरं बोलला होता. मग ते दुसरं — तेही?

ते तपासायला माझ्याकडे कुठलीच कुपी नव्हती.

"रागावलात?" दारातून आवाज आला.

"हो. आणि संशय आहेच अजून."

"मग ठेवा लक्ष."

मी शेजारची खुर्ची ओढली.

"ठेवणारच. पण इथून नीट दिसत नाही... आत ये."