सतापाची डहाळी

"हात नका लावू, बाई."

कुंपणावरून आत गेलेला विमलचा हात तसाच थबकला. खांद्यावर सर्दीनं घुसमटलेली लहानगी कुंदा, समोर तेलाच्या जुन्या डब्यात वाढलेलं सतापाचं निळसर रोप, अन् रोपामागं शेजारचा इंद्रभान... हातात कात्री, ओठांत हसू.

"सतापाले बाईमाणसाचा विटाळ चालत नाई म्हणते आमची माय. झाड वाळते. मी देतो ना तोडून."

विमल नांदुऱ्याच्या शाळेत शिकवायची, अमरावतीला बी. ए. झालेली. नवरा गेला तेव्हा कुंदा पोटात होती. आता पोर नुसती शिंकली तरी ही रात्रभर जागी. त्यानं तोडून दिलेली डहाळी तिनं फडक्यात बांधून पोरीच्या उशाशी ठेवली. कडवट, उग्र वास खोलीभर पसरला अन् पोर शांत झोपली.

मग तिचं कुंपणाशी येणं सुरूच झालं.

"आज कोणाले सर्दी झाली?"

"कुणाला नाही. उद्या झाली तर—"

"म्हंजे सर्दीची वाट पाहून राह्यल्या तुमी."

"अन् तुम्ही कात्री घेऊन आधीच उभे असता, ते कुणाची वाट पाहत?"

इंद्रभान कानापर्यंत लाल झाला.

दिवाळीनंतर त्यानं लग्नाचं विचारलं. त्याची माय, सत्यभामाबाई, राजी होती. कुंदाला आपलं नाव द्यायला तो राजी होता. तरी विमलनं आठ दिवस मागितले. ज्या घरातल्या झाडालाही आपण शिवायचं नाही, तिथं कोण म्हणून राहायचं? अन् उद्या कुंदा मोठी झाली, की तिलाही चार हात लांब उभं करायचं?

आठव्या दिवशी ती कुंदाला कडेवर घेऊन कुंपणाशी आली.

"आज डहाळी मी तोडू?" मग खालमानेनं म्हणाली, "आज तर मी... बाहेरची आहे."

ओट्यावर डाळ निवडणाऱ्या सत्यभामाबाईंचा हात सुपातच राहिला. इंद्रभाननं फाटक उघडलं, विमलला आत घेतलं अन् कात्री तिच्यापुढे धरली.

"अन् वाळलं तर?"

"वाळलं त वाळलं. झाडासाठी तुमाले कुंपणाबाहेर ठेवणं... ते मले नाई जमत."

मग ओट्यावरून आवाज आला, "अरे, मंग पोरीले त घे तिच्याजवळून. एका हातानं कशी तोडीन ते?"

कुंदाला विमलनं आजवर सख्ख्या बहिणीच्याही हाती निर्धास्त दिलं नव्हतं.

इंद्रभाननं हात पुढे केले. तिनं पोर दिली.