थेअरिदास मालकांचं शौर्य

स्पार्टाचा माणूस रण सोडून पळत नाही, अशी साऱ्या ग्रीसमध्ये ख्याती आहे, आणि ती खरी आहे. आमचे मालक थेअरिदास पळाले नव्हते. लढाईभर ते ओढ्याकाठच्या खड्ड्यात बसून होते.

त्यांचं तोंड झाकणारं शिरस्त्राण आणि लाल झगा घालून रांगेत उभा राहिला तो माझा धाकटा भाऊ, दामिस. आम्ही दोघे त्यांचे वेठीचे लोक. ढाल वाहायचं काम माझं, म्हणून ती मीच त्याच्या हातात दिली. संध्याकाळी सामान जागच्या जागी गेलं आणि मालकांचा पराक्रम पंगतीत काळ्या रश्श्याबरोबर वाढला गेला.

हिवाळ्यात स्पार्टाचा कारभार पाहणाऱ्या पंचांनी दवंडी पिटवली. वेठीच्या ज्या लोकांनी युद्धात शौर्य गाजवलं त्यांनी पुढे यावं, निवडलेल्यांना मुक्त करू. मला ते खटकलं. आमच्या जवाच्या भाकरीला ज्यांनी कधी बरं म्हटलं नाही, ते आज आमचं शौर्य विचारत होते. नाव देऊ नकोस, असं मी दामिसला परोपरीनं सांगितलं, गुडघा धरून बसलेल्या आमच्या आईची शपथही घातली.

"दादा, जीव मी धोक्यात घातला. तो काय मालकांच्या खाती ठेवून देऊ?"

"ठेव. निदान मान जागेवर राहील."

"तू ढाल वाहून वाहून वाकलायस," तो म्हणाला आणि गेला.

दोन हजार निवडले. डोक्यावर पानाफुलांच्या माळा घालून भर दुपारी त्यांना देवळोदेवळी फिरवलं. मी कडेकडेनं चालत होतो. पहिल्या देवळापाशी त्यांच्या पावलांनी जमीन हादरत होती. तिसऱ्यापाशी रांग तेवढीच लांब होती, पण पावलं वाजत नव्हती. शेवटच्या देवळाच्या आवारात ते शिरले, तसा मी वळसा घालून मागच्या फाटकाशी गेलो. तिथे पुजारी निवांत झाडत होता. इकडे कोणीच आलं नाही, म्हणाला.

मारलं असणार, हे कळायला मला पंचांची गरज नव्हती. पण पंधरा दिवस मी आभाळाकडे बघत हिंडलो. दोन हजार प्रेतांवर घारी जमायला हव्यात. एकही जमली नाही. युरोटास नदीचं पाणी नितळ होतं. शेवटी धीर करून मालकांना विचारलं.

"कोण दामिस?" ते म्हणाले, आणि स्वतःच्याच आवाजाला दचकले.

वसंतात पुन्हा लढाई निघाली. मालकांची सोय म्हणून मी एक बरासा खड्डा आधीच हेरून ठेवला होता. त्यांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. भाला धरण्याआधी ते दोन्ही तळव्यांवर थुंकले. नांगर धरताना दामिस थुंकायचा, तसे.

मी शेजारच्या ढालवाल्याकडे पाहिलं. तो आपल्या मालकाकडे पाहत होता. त्याचाही भाऊ त्या दोन हजारांत गेला होता.

अख्ख्या रांगेत कोणी पाऊलभर मागे सरत नव्हतं.

चालून जायचे पावे वाजू लागले. मालकांनी ढालीसाठी हात मागे केला. शिरस्त्राणाच्या आतून आवाज आला. मालकांचाच, जरा घोगरा.

"आईचा गुडघा आता कसा आहे?"

मी ढाल पुढे केली.

"बरा आहे," म्हणालो.