फाळका पडण्याआधी

"छोट्या भावाची सायकल हाय का, ताई?"

झालं! दीप्तीच्या कपाळावर आठी उमटली. एक तर भर दुपारी सायकल ढकलत ती चौक गावच्या जुन्या हायवेवर आली होती. निखळलेलं पायडल एका हातात, हेल्मेट कोपरात अडकवलेलं, घसा कोरडा. त्यात हा गॅरेजवाला! टेंपोखालून अर्धा बाहेर आलेला, नाकावर ग्रीस, आणि चेहऱ्यावर असलं हसू की चिडावं की हसावं तेच कळेना.

"माझीच आहे," ती ठसक्यात म्हणाली. "बीएमएक्स म्हणतात हिला, शर्यतीची असते. चाकं लहानच असतात, ब्रेक एकच असतो, आणि सीट असली तरी शर्यतीत तिच्यावर बसायचं नसतं. अजून काही?"

"विचारायचं तर लय हाय..." तो उठून हात पुसत म्हणाला. "पण आधी पायडल बघू द्या, ताई."

"आणि ते ताई मागे घ्या."

"घेतलं," तो लगेच म्हणाला. इतक्या लगेच, की दीप्तीलाच हसू आलं.

त्याचं नाव रत्नदीप. गॅरेज त्याचं स्वतःचं. पायडलचे आटे गेले होते. बुश टाकून नवे आटे पाडायला तासभर लागणार होता. त्या तासाभरात, कोण कुठला तो माणूस, त्याला दीप्तीनं अशी गोष्ट सांगितली जी ती मैत्रिणींनाही धड सांगत नसे.

गोष्ट अशी की साजगावची ही पोरगी तीन वर्षं राज्याच्या संघासाठी निवड चाचणी देत होती. पहिल्या तिघींना घेतात. ती एकदा पाचवी आली, दोनदा चौथी. पायात ताकद होती, वळणं ती डोळे मिटून घेई, उंचवट्यांवरून सायकल पाण्यासारखी नेई. मार खाई ती फक्त सुरुवातीला. उतारावर आठ जणी एका रांगेत उभ्या राहतात. पुढचं चाक गेटला टेकलेलं, दोन्ही पाय पायडलवर, जमिनीला पाय लावायचा नाही. मग गेट पुढे आडवं पडतं आणि सुटायचं. ते कधी पडेल याचा नेम नाही. दर वेळी वेगळा वेळ. आणि दीप्ती दर वेळी डोळ्याची पापणी लवेल एवढी मागे राही.

"सरावाला गेटच नाही ना इकडे," ती म्हणाली. "मैत्रीण टाळी वाजवते, मी सुटते. आणि हे शेवटचं वर्ष. मीच घरी शब्द दिलाय, यंदा जानेवारीत निवड झाली नाही तर एक फेब्रुवारीपासून मोहोपाड्याच्या कंपनीत लॅबला लागते. मामानं बोलून ठेवलंय."

रत्नदीपनं चहाचा ग्लास खाली ठेवला. भिंतीला टेकवलेल्या एका गंजक्या पत्र्याकडं त्यानं हनुवटीनं दाखवलं. जुन्या टेंपोचा फाळका होता तो, मागचा, माल भरताना खाली पाडतात तो.

"गेट पडतं म्हंजे... असंच ना?"

दीप्तीनं उठून फाळक्याला हात लावून बघितला.

चारच दिवसांत फाळका उभा राहिला! चौकच्या मागं बंगल्यांसाठी पाडलेला पण एकही बंगला न उठलेला एक प्लॉट होता. तिथं मुरुमाचे ढीग फावड्यानं थोपटून दीप्तीनं आधीच आपला ट्रॅक केला होता. त्याच्या वरच्या टोकाला रत्नदीपनं बिजागऱ्या पुरल्या, खिटी लावली, खिटीला ब्रेकची वायर बांधली. आता तो रोज सकाळी गॅरेज उघडायच्या आधी रबरी चपलांत यायचा, फाळक्याच्या डाव्या बाजूला उभा राहायचा आणि वायर धरायचा.

"रेडी... गेट बघ!"

मग शांतता. कधी लांबलचक, कधी एवढीशी. आणि धाडकन फाळका आडवा!

काय सुटायची म्हणून सांगू! आठवड्याभरात दीप्ती फाळक्याबरोबर सुटायला लागली. रत्नदीप मोबाइलवर चित्रण करून पुन्हा पुन्हा बघायचा आणि स्वतःचीच पाठ थोपटायचा. "फाळका भारी की पोरगी भारी?" असं विचारून तो मिशीतल्या मिशीत हसायचा, आणि ती "सायकल भारी," म्हणून पुढची फेरी मारायची. पण घरी परत जाताना तिचं तिलाच कळे की आज सकाळ फार लवकर संपली.

डिसेंबरात पुण्याला एक सरावाची शर्यत झाली. दीप्ती खुशीत गेली, रुबाबात गेटवर उभी राहिली... आणि गेट पडलं तरी जागची हलली नाही. हलली तेव्हा सात जणी पुढे होत्या. कशीबशी सहावी आली. तीन वर्षांत एवढी वाईट सुरुवात तिनं कधी केली नव्हती.

रविवारी सकाळी ती प्लॉटवर सायकल धरून उभी होती. रत्नदीप आला तो पांढरेशुभ्र नवे बूट घालून.

"हे काय?"

"तू पाठवलेल्या व्हिडिओत बघितलं ना, तिकडं सगळे बूटवाले. म्हटलं चॅम्पियन बाईसोबत उभं राहायचं तर..."

"कसली चॅम्पियन! ओढ वायर."

फाळका पडला. दीप्ती मागे राहिली. पुन्हा पडला, पुन्हा मागे. दहा वेळा फाळका पडला आणि दहाही वेळा तिला उशीर झाला, तोच पुण्याचा उशीर! ती सायकल टाकून मुरुमावर बसली. आणि मग तिची नजर त्या पांढऱ्या बुटांवर खिळली.

"रत्नदीप, बूट काढ."

"आता? नवेकोरे हायेत, धूळ..."

"काढ म्हणते ना!"

बिचाऱ्यानं मोजेही काढले. अनवाणी उभा राहिला, वायर धरली. दीप्तीनं पुन्हा चाक फाळक्याला टेकवलं. "रेडी... गेट बघ!" या वेळी दीप्तीनं मुद्दाम बघितलं. वायर ओढण्याआधी, अगदी क्षणभर आधी, त्याच्या डाव्या पायाचा अंगठा हळूच वर उचलला गेला. फाळका पडला तेव्हा ती सुटलेलीच होती.

खाली जाऊन ती थांबली आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"काय झालं गं? लागलं का?" तो अनवाणीच धावत आला.

"दीड महिना मी गेट बघतच नव्हते," ती हातांआडून म्हणाली. "तुझा अंगठा बघत होते. तू ओढायच्या आधी तो उचलतोस... आणि माझं मलाच ठाऊक नव्हतं."

रत्नदीपनं आपल्या पायाकडं पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच दिसला असावा तसा तो अंगठा त्यानं निरखला. मग त्याचा चेहरा पडला. "म्हंजे... माझ्यामुळं हरलीस तू?"

"तुझ्यामुळं नाही रे. माझ्या नजरेमुळं. पुण्यात आठ जणींच्या रांगेत उभी राहून मी तिथं नसलेल्या माणसाला शोधत होते!"

बोलून गेली खरी, आणि मग कानापर्यंत लाल झाली. तोही झाला. हायवेवरून एक लांबलचक कंटेनर गेला, तो पार दिसेनासा होईपर्यंत दोघंही त्याच्याकडंच बघत राहिले. आपण या माणसावर भाळलोय हे दीप्तीला त्या क्षणी अगदी लख्ख कळलं. आणि हेही कळलं की महिन्यावर निवड आली आहे.

"मी दिसायलाच नको तुला," शेवटी तोच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी फाळक्याच्या बाजूला ताडपत्रीचा आडोसा उभा राहिला. वायर लांब झाली. रत्नदीप ताडपत्रीमागं, हायवेकडं तोंड करून. वायर कधी ओढायची हे त्यानं स्वतःवर ठेवलंच नाही. "मी ठरवलं तर तू वळखशील," तो म्हणाला. "आता गाड्या ठरवतील." 'गेट बघ' म्हटल्यावर समोरून जाणाऱ्या पहिल्या गाडीच्या नंबरातला शेवटचा आकडा बघायचा, तेवढं मनात भरभर मोजायचं आणि ओढायचं. शून्य आला तर लगेच. आता घ्या!

पहिले आठ दिवस दीप्ती रोज मागे राहिली. पण हळूहळू तिला फाळका दिसायला लागला. नुसता फाळका, त्याची गंजकी कड आणि खिटी सुटतानाची तिची पहिली हालचाल.

"आता नऊ होता ना?" ती ओरडायची.

"आकडा सांगायचा नाय!" ताडपत्री उत्तर द्यायची. "आणि काय गं... आज वेणी घातलीस का?"

"तू बघतोयस? फसवतोस!"

"ताडपत्रीला भोक हाय. मला कुठं शर्यत मारायचीय? मी बघू शकतो."

चहाला मात्र ताडपत्री नसे. समोरच्या ढाब्यावर दोघं एकमेकांसमोर बसत आणि नेमके तेव्हाच शब्द सापडत नसत.

निवडीच्या दिवशी पुण्यात कडक थंडी होती. दीप्तीसोबत आई आली होती. रत्नदीप पहाटेच्या एसटीनं वेगळा आला. "जय भीम, मावशी," म्हणून तो अंग चोरून उभा राहिला. आईनं त्याला वरपासून खालच्या पांढऱ्या बुटांपर्यंत पाहिलं.

"हाच का तो फाळकेवाला?"

"आई!"

"बरा हाय की," आई म्हणाली आणि पाण्याची बाटली काढण्यात गुंतली.

"मी गेटपाशी नाय थांबत," रत्नदीप दीप्तीला हळूच म्हणाला. "पार शेवटाला उभा राहतो. तिकडं ये."

ती अंतिम फेरीत पोहोचली. आठ जणी, उतार, पुढचं चाक गेटला. सूचना झाली आणि मग ती शांतता आली... दीप्तीनं डावीकडं बघितलं नाही. तिला बघावंसं वाटलंच नाही. जे बघायचं होतं ते शेवटाला उभं होतं, आणि तिथं पोहोचायचा रस्ता या गेटमधूनच जात होता. गेट हललं. दीप्ती हलली.

पहिल्या वळणाला ती तिसरी होती. तिसरी! दुसऱ्या वळणावर पुढची पोरगी जरा बाहेर गेली आणि दीप्ती आतून अशी घुसली की तिलाच आपलं कौतुक वाटलं. शेवटच्या उंचवट्यांवर मांड्या पेटल्या होत्या, मागून चेनचा आवाज येत होता, पण तिनं मान वळवली नाही. पांढरी रेघ आली आणि गेली. ती दुसरी आली होती!

आई आधी रडली, मग फोन काढून जरा लांब गेली. "मामाला कळवते," ती डोळे पुसत म्हणाली. "कंपनीला म्हणावं, दुसरी पोरगी बघा."

रत्नदीप कठड्यापाशी उभा होता. नवे बूट चावले होते. ते हातात, आणि तो थंडगार मातीत अनवाणी.

"दीप्ती," तो म्हणाला. "एक... म्हंजे लय दिवसांपासून सांगायचं होतं, पण शर्यतीच्या आधी नको म्हटलं... तर आता..."

तो थांबला. श्वास घेतला. आणि दीप्तीनं खाली पाहिलं. डाव्या पायाचा अंगठा हळूच वर उचलला गेला होता.

"हो," ती म्हणाली.

"अगं, अजून मी काय बोललोच नाय!"

"तरी हो."

तो तिच्याकडं बघत राहिला, मग आपल्या पायाकडं, मग पुन्हा तिच्याकडं. हातातले बूट खाली पडले तरी त्याला कळलं नाही.

"आधीच सुटलीस!" तो कसाबसा म्हणाला. "चालतं का असं?"

"शर्यतीत नाही चालत," दीप्ती म्हणाली आणि तिनं त्याचा हात धरला.